जांभ्याची भिंत हिवाळ्यात फुटते

कोकणातल्या जुन्या शाळा-कॉलेजांच्या जांभ्याच्या इमारतींची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी मे महिन्यात निघते. मुलं सुट्टीवर, वर्ग रिकामे, आवारात वाळू-दगड टाकायला जागा. सोय म्हणून हे ठीक आहे, पण भिंतीच्या दृष्टीने वर्षातला याहून वाईट महिना नाही. असं का, ते समजलं की या दुरुस्तीचं निम्मं शास्त्र समजलं.

भिंत पावसात भिजते, पण पावसाने फुटत नाही. फुटते ती दिवाळीनंतर. समुद्रावरून येणारा खारा वारा वर्षभर भिंतीवर मीठ आणून टाकतो, आणि जोत्याखालची ओल जमिनीतले क्षार वर ओढते. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळतं आणि खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते, त्यामुळे मीठ दगडाच्या छिद्रांत विरघळलेलं, निरुपद्रवी पडून राहतं. ऑक्टोबरपासून दुपारी हवा कोरडी आणि पहाटे पुन्हा दमट, असा खेळ रोज चालतो. दर दुपारी छिद्रात स्फटिक वाढतो, छिद्राच्या कडांवर दाब देतो, पहाटे विरघळतो, आणि दुसऱ्या दुपारी तेच. जानेवारीत जोत्याजवळ लाल भुकटीचा ढीग दिसतो तो याचा.

आता प्रश्न एवढाच उरतो की हे स्फटिक होणार कुठे. भिंतीतलं पाणी जिथून सहज बाहेर पडतं, तिथे मीठ साचतं. दरजेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात, चुना असेल तर तो जांभ्यापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतो, पाणी दरजेतून वाळतं, मीठ दरजेत साचतं आणि दरज झिजते. दरजेत सिमेंट असेल तर ती वाट बंद होते. पाणी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या तासलेल्या दगडाच्या, तोंडातून बाहेर पडतं आणि चिरा झिजतो. काही वर्षांनी चिरे आत गेलेले आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या बाहेर आलेल्या, असं दृश्य दिसतं. जुन्या इमारतींच्या समुद्राकडच्या भिंतींवर ते पाहायला फार शोधावं लागत नाही. दरज पुन्हा भरता येते. शंभर वर्षांपूर्वी हाताने तासलेला चिरा पुन्हा मिळत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात दगड वेगळा आहे, नियम हाच. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यांवरून १८६९ ते १८७८ या काळात तिथला दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालयासह राजाबाई टॉवर उभा राहिला. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडी दगड. दीक्षान्त सभागृहाच्या जतनकामाला २००७ मध्ये आणि राजाबाई टॉवरच्या कामाला २०१८ मध्ये युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच महाविद्यालयं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे आदर्श शोधायला लांब जायला नको. मात्र तिथली पद्धत उचलून जशीच्या तशी इथे लावू नये. पोरबंदरी दगडाला आम्लाची भीती, कारण तो आम्लात विरघळतो. जांभ्याला खरवडण्याची आणि जोरदार पाण्याची भीती.

याचं कारण जांभ्याच्या स्वभावात आहे. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा सांगाडा, आणि त्याच्या भोकांत माती. चिरेखाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो, हवा लागून सुकला की पृष्ठभाग कडक होतो. म्हणजे जुन्या चिऱ्याचं बाहेरचं तोंड हे त्याचं चिलखत आहे. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, कातळशिल्पं टिकली तीही कातळाच्या अशाच टणक झालेल्या थरावर. हे तोंड ग्राइंडरने घासून 'नवीन' केलं, वाळूचा मारा केला, किंवा प्रेशर पंपाने धुतलं, की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि भोकांतली माती वाहून जाते. महिनाभर भिंत सुंदर लाल दिसते. दोन पावसाळ्यांनी ती आधीपेक्षा काळी असते, कारण खडबडीत, पोकळ झालेल्या तोंडावर शेवाळ जास्त धरतं.

म्हणून धुलाई अशी: साधं पाणी, बागेच्या नळीइतकाच जोर, नायलॉनचा ब्रश, वरून खाली. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे भोकांत अडकून गंजतात. हायड्रोक्लोरिक आम्ल नको, ब्लीचिंग पावडरही नको, कारण दोन्ही मागे क्लोराइड, म्हणजे मिठाचाच घटक, सोडतात. ज्याच्याशी लढायचं तेच भिंतीत भरल्यासारखं. शेवाळ चिवट असेल तर सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड एका कोपऱ्यात करून पाहावं. खरं सांगायचं तर सगळा काळेपणा घालवायचा हट्टच चुकीचा आहे. जिथे काळं दिसतं तिथे पाणी का येतंय ते आधी पाहा.

छपरापासून सुरुवात करायची. फुटकी मंगळुरी कौलं, गळणारी पन्हळ, वळचणीची कुजलेली फळी, दोन छपरांमधली तुंबलेली खोबण. यांतलं एकही राहिलं तर खाली केलेलं दरजांचं काम वाया जातं. मग जमीन. गेल्या काही वर्षांत आवारात सरसकट पेव्हर ब्लॉक बसवले गेले आणि ते थेट जोत्याला भिडवले गेले. आधी पागोळीचं पाणी जमिनीत जिरायचं, आता ते फरशीवरून भिंतीवर उडतं, आणि फरशीखालच्या ओलीला वर येण्यासाठी भिंतीशिवाय वाट उरत नाही. जोत्यालगत दोन फूट रुंदीची पट्टी उखडायची, फूटभर खोल चर काढून त्याला भिंतीपासून लांब उतार द्यायचा, आणि जाड खडी भरायची. खर्च अगदी किरकोळ. माझ्या मते एवढं काम झाल्याशिवाय भिंतीला हात लावायला परवानगीच मिळू नये.

त्यानंतर भिंतीची तपासणी. लाकडी हातोडीने हलके ठोके देत जायचं. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत पोकळी किंवा सुटलेला पापुद्रा. प्रत्येक बाजूचं उभं चित्र कागदावर काढून त्यावर थर आणि चिरे यांना क्रमांक द्यायचे, बद्द जागा रेखायच्या. तडा असेल तर त्याच्यावर आडवी पातळ काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहायची. काच फुटली तर तडा अजून चालतोय, मग पाया बघायला हवा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली तरच तडा भरायचा.

जुना चुना कसा होता हेही पाहावं लागतं. दरजेच्या आतून, हवा-पावसाने झिजलेल्या थरामागून, ५० ग्रॅमभर नमुना काढायचा, सुकवून वजन करायचं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचं. चुना फसफसून विरघळतो, वाळू खाली उरते. धुऊन, सुकवून तिचं वजन करायचं आणि चाळणीने जाड-बारीक वेगळी करायची. इथे कोकणात एक फसगत होते. पूर्वी चुना शिंपल्यांचा, आणि वाळूतही शिंपल्यांचे तुकडे असायचे. ते तुकडे आम्लात चुन्याबरोबरच विरघळतात, आणि हिशोबात चुना खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून नमुना आम्लात टाकण्याआधी भिंगाखाली पाहायचा आणि पांढरे तुकडे कितपत आहेत याची नोंद ठेवायची.

नव्या मसाल्यासाठी, म्हणजे दरजेत भरायच्या चुना-वाळूच्या मिश्रणासाठी, कळीचा (भाजलेला, पाणी न लागलेला) चुना मिळाला तर उत्तम. तो पाण्यात टाकायचा, पाणी त्याच्यावर ओतायचं नाही. उकळी फुटते, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे आणि बाजूला स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही. १० किलो कळीच्या चुन्याला रासायनिकदृष्ट्या जेमतेम सव्वातीन लिटर पाणी लागतं, पण बरंच वाफ होऊन जातं आणि आपल्याला लोण्यासारखा गोळा हवा असतो, म्हणून २५ ते ३० लिटर धरायचं. विरला की बारीक जाळीतून गाळून पिंपात भरायचा आणि वर चार बोटं पाणी ठेवायचं. किमान तीन आठवडे, जमलं तर तीन महिने. घाई केली तर न विरलेले खडे दरजेत गेल्यावर विरतात, फुगतात आणि मसाल्याला फोड येतात. पिशवीतला हायड्रेटेड चुना वापरायचा झाला तर ताजी पिशवी घ्यायची आणि आदल्या दिवशी भिजवायची. कोकणच्या दमट हवेत वर्षभर पडलेल्या पिशवीतला बराचसा चुना परत खडूच झालेला असतो.

वाळूत सगळ्यात जास्त चुका होतात. खाडीची रेती इथे हाताशी असते आणि ती खारी असते. तपासणी सोपी आहे: मूठभर रेती ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ढवळायची, पाणी गाळायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-चार थेंब. दुधासारखं पांढरं झालं की मीठ आहे. नळाचं किंवा विहिरीचं पाणी घेतलंत तर ते स्वतःच पांढरं होईल आणि चाचणी फसेल. हातावर थेंब पडला तर काळा डाग पडतो, तो काही दिवस जात नाही. खारी रेती गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा तपासायची, आणि तरी पांढरं आलं तर ती वापरायची नाही.

प्रमाण ठरवायला पुस्तक लागत नाही. एक लिटर कोरडी वाळू भांड्यात भरा आणि मोजून पाणी ओता, वाळूच्या वरच्या पातळीला येईपर्यंत. जेवढं पाणी गेलं तेवढी पोकळी चुन्याने भरायची आहे. ३३० मिलिलिटरच्या आसपास गेलं तर एकास तीन, ४०० गेलं तर एकास अडीच. एकाच मापाच्या दाण्यांच्या वाळूत पोकळी जास्त, म्हणून चुना जास्त लागतो आणि मसाला सुकताना चिरतो. जाड-मध्यम-बारीक अशी मिश्र वाळू बरी.

नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला वेळ लागतो. कोकणच्या पावसाच्या तोंडी असलेल्या भिंतीला सुरखी, म्हणजे विटेची बारीक पूड, घालावी लागते, म्हणजे मसाला पाण्यातही धरतो, घट्ट होतो. जांभ्याच्या दरजांसाठी एक भाग मुरलेला चुना, दोन भाग वाळू आणि अर्धा ते एक भाग सुरखी, मापाने, इथून सुरुवात करावी. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. खंगर, म्हणजे जास्त भाजलेली, वीट कुटून केलेली पूड रंग देते, चुन्याशी संयोग पावत नाही. विटा दुर्मीळ असलेल्या गावात जुनी, हाताने केलेली नळीची कौलं कुटून चाळली तर चालतात. गूळ, हिरडा, बेलफळ घालायची परंपरा आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण अंदाजाने घातलेला गूळ मसाल्याचं धरणं लांबवतो. आधी चौरस मीटरभर नमुन्याची भिंत करून पाहायची आणि तिचा अनुभव घेऊनच प्रमाण ठरवायचं.

मसाला लवकर धरावा म्हणून चुन्यात चमचाभर पांढरं सिमेंट टाकण्याची सवय सर्रास आहे. 'थोडंसंच' म्हणून ते टाकलं जातं. थोडंसं सिमेंट मसाल्याला ताकद देत नाही आणि चुन्याची सच्छिद्रता बिघडवतं. कामाच्या जागेवर सिमेंटची पिशवी असूच नये, हा एकच नियम पाळता येण्यासारखा आहे.

दरज उकरताना आधीचं सिमेंट निघतंय की चिरा निघतोय यावर लक्ष ठेवायचं. उभ्या दरजांवर ग्राइंडर कधीच चालवायचा नाही. पातं वरच्या-खालच्या चिऱ्यात घुसतं आणि ती चीर कायमची राहते. बारीक छिन्नी आणि हलका हातोडा. सिमेंट चिवट असेल तर दरजेच्या मधोमध पाच-सहा मिलिमीटर जाडीची भोकं ओळीने पाडून मग छिन्नी लावली की ते आत कोसळतं. तरीही चिऱ्याच्या कडा तुटत असतील तर तिथलं सिमेंट राहू द्या. त्याची वेळ येईल तेव्हा ते आपोआप सुटेल.

खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट, आणि किमान २५ मिलिमीटर. कंत्राटात चौरस मीटरवर पैसे असतील तर उकरण्यात चोरी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. अर्धा इंच उकरून वर मसाल्याची पट्टी ओढली की दिसायला काम पूर्ण. दुसऱ्या पावसाळ्यात ती पट्टी सोलून पडते. म्हणून भरण्याआधी तारेचा तुकडा घालून दर चौरस मीटरला पाच-सहा ठिकाणी खोली मोजायची, वहीत लिहायची, फोटो काढायचा. भरल्यानंतर ती कुणालाच मोजता येत नाही. निविदेतही 'दरजा भरणे' असं मोघम लिहू नये. चुना कोणता, किती मुरलेला, खोली किती, पाणी किती दिवस, हे वेगवेगळं लिहावं. नाहीतर ठेकेदार त्याला सरावाचा तोच सिमेंटचा दर लावणार.

उकरल्यावर धूळ वरून खाली धुऊन काढायची. कोरड्या दरजेत मसाला भरला तर जांभा त्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि मसाला कडेने सुटतो. म्हणून आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी तासभर पाणी मारायचं. दरज ओली हवी, पण पाणी साचलेलं नको. मसाला जितका घट्ट, तितका चांगला. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांना चिकटू नये. दरजेपेक्षा अरुंद थापीने एका वेळी १० ते १२ मिलिमीटरचा थर दाबायचा, तो जरा आवळला की पुढचा. मसाला चिऱ्याच्या तोंडावर फासायचा नाही, किंचित आत ठेवायचा. चार-सहा तासांनी अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की ताठ ब्रशच्या टोकांनी ठोकून वरची चुन्याची साय उडवायची. साय राहिली तर वाळूचे दाणे झाकले जातात आणि बाष्प बाहेर पडायची वाट बंद होते. गुळगुळीत, फुगवलेली, रेघ ओढलेली दरज दिसायला नीटनेटकी वाटते, पण तिच्या वरच्या काठावर पाणी थांबतं.

मग दोन आठवडे ओलं गोणपाट. दुपारचं ऊन लागता कामा नये. प्लास्टिक गुंडाळू नये, चुन्याला हवा हवीच. महिनाभराने एका दरजेतला छोटा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले तर जिथपर्यंत हवेने काम केलंय तिथपर्यंत रंग बदलत नाही आणि आत गडद गुलाबी होतो. त्यावरून पावसाआधी किती तयारी झाली ते कळतं.

आता मे महिन्याकडे परत. दरज भरल्यावर दोन आठवडे पाणी आणि त्यानंतर निदान महिना-दीड महिना हवा, एवढं झाल्याशिवाय तिच्यावर कोकणचा पाऊस पडू नये. म्हणजे शेवटची दरज एप्रिलच्या मध्यापर्यंत भरून झालेली हवी. परांची दिवाळीच्या सुट्टीत उभी करायची, उकरणं आणि मीठ काढणं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, भरणं जानेवारीपासून. वर्ग चालू असतील तर एका वेळी एकच बाजू घ्यायची. मे महिन्यात छप्पर आणि पन्हळी करा, त्यासाठी तो महिना उत्तम आहे.

मीठ काढण्याचं काम अनेकदा गाळलं जातं. चिनी माती, कागदाचा लगदा आणि बारीक धुतलेली वाळू ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा लेप ओल्या भिंतीवर लावायचा. लेप सुकताना पाण्याबरोबर मीठ स्वतःकडे ओढतो. पूर्ण सुकून सुटू लागला की काढायचा आणि दूर टाकायचा, जोत्याशी नव्हे. लेपाचा तुकडा पाण्यात घोळून सिल्व्हर नायट्रेट लावला की किती मीठ आलं ते दिसतं. साधारण तीनदा करावं लागतं. ज्या भिंतीत ओल अजून चढतेय तिथे हे कितीदाही केलं तरी मीठ येतच राहतं. म्हणून तो खडीचा चर आधी.

पिंपळ आणि उंबर यांच्याशी घाई नको. रोप बोटाएवढं असेल तर पावसात, दरज ओली असताना मुळासकट निघतं. खोड मनगटाएवढं झालं असेल तर ओढू नये, चिरे घेऊन बाहेर येतं. खोड कापून ताज्या कापावर लगेच ब्रशने ग्लायफोसेट हे तणनाशक लावायचं, मूळ मेल्यावर त्या भागातले चिरे क्रमांक घालून उतरवायचे, मूळ काढायचं आणि चिरे त्याच क्रमाने बसवायचे. मूळ आतच ठेवून वरून दरज भरली तर ते कुजून पोकळी होते आणि पुढच्या वर्षी तिथे भिंत फुगते.

लोखंडी गज आणि पट्ट्या दगडात रोवलेल्या असतील तिथे गंज फुगून दगड फोडतो. त्या काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या बसवायच्या. समुद्रकाठी ३०४ प्रतीवरही डाग पडतात, दोन पैसे वाचवायची ही जागा नाही.

पूर्ण झिजलेला चिरा बदलायचा तर हल्लीचा यंत्राने कापलेला चिरा जुन्या मापाला उतरत नाही. खाणीवर सांगून मोठा काढून घ्यावा लागतो, हाताने तासावा लागतो, आणि पाऊस लागणार नाही अशा जागी काही महिने सुकवावा लागतो. खाणीतून आलेला ओला चिरा थेट भिंतीत घातला तर त्याचं तोंड कडक होण्याआधीच खारा वारा त्याला लागतो. खाणीत वरची बाजू कोणती होती ते खडूने लिहून घ्यायचं आणि तसाच बसवायचा. चिरा चार बोटांपेक्षा कमी झिजला असेल तर बदलू नये; तो अजून भार घेतोय.

काम संपल्यावर पहिल्या जानेवारीत जोत्याशी पडलेली भुकटी झाडून एका कागदावर घ्या आणि रंग पाहा. पांढरट, वाळूची असेल तर दरज झिजतेय, चिरा शाबूत आहे. लाल असेल तर त्या जागेच्या वरची दरज कुठेतरी बंद झालीय, किंवा पन्हळ गळतेय, आणि त्याच आठवड्यात शिडी लावायला हवी. कामातून उरलेला चुना फेकू नका. पाण्याखाली ठेवला तर पिंपात तो वर्षानुवर्षं चांगला राहतो, आणि त्या भिंतीच्या पुढच्या किरकोळ दुरुस्तीला त्याच्याइतका जुळणारा चुना दुसरा मिळणार नाही. पिंपावर तारीख आणि वाळू कुठून आणली ते ऑइलपेंटने लिहून ठेवा.